इंजिन माझ्याकडे होतं

चैत्र संपत आला की वारा सिलतऱ्याकडून वाहायला लागतो आणि आमच्या गच्चीवर काळी, बारीक धूळ बसते. लोखंडाच्या कारखान्यांची धूळ. सकाळी वाळत घातलेली पांढरी चादर दुपारी राखाडी होऊन खाली येते. आई होती तोवर ती रोज गच्ची धुवायची आणि धुता धुता कारखानेवाल्यांचा उद्धार करायची. आता ही दोन्ही कामं माझ्याकडे आली आहेत. आणि दरवर्षी, हातात खराटा असतानाच, मला तो एक उन्हाळा आठवतो. मग मी फरशी अशी घासते की शेजारची पोरगी खालून विचारते, "क्या हुआ दीदी, किससे झगडा हो गया?"

झगडा जुना आहे. त्यातली निम्मी माणसं आता या जगात नाहीत. पण ऊन तापलं की तो परत येतो, आणि मी त्याला येऊ देते. लोकांना उन्हाळा म्हटलं की आंबे आठवतात, माठातलं पाणी आठवतं, आजोळ आठवतं. माझ्या त्या उन्हाळ्याला रॉकेलचा वास आहे. नखांत बसलेलं काळं ऑइल आहे. कूलरच्या ओल्या गवताचा वास आहे, आणि त्या सगळ्यावर, दुधावर साय यावी तसा, संताप आहे.

राज्य तेव्हा नवं नवं झालं होतं. आमचं रायपूर एका रात्रीत राजधानी झालं आणि सकाळी उठून बघतो तर गावात साहेबच साहेब. शंकर नगरात ज्या बंगल्यांवर काल डॉक्टरांच्या आणि वकिलांच्या पाट्या होत्या, तिथे शिपाई उभे राहिले. लाल दिव्याची गाडी आली की चौकात आम्ही सगळे रणरणत्या उन्हात थांबायचो. रस्ते खणले, झाडं पाडली, आणि प्रत्येक जण दुसऱ्याला सांगू लागला की अमक्या खात्यात आपली ओळख आहे. मला सगळ्यात जास्त राग यायचा तो लोकांच्या कण्यांचा. कालपर्यंत ताठ चालणारी माणसं अचानक कमरेतून वाकायला शिकली होती. त्यात माझे बाबाही होते.

बाबा रेल्वेच्या मालधक्क्यावर क्लार्क होते. वर्ध्याकडून आजोबा रेल्वेतच आले, बाबाही रेल्वेतच चिकटले, आणि त्या उन्हाळ्याच्या आदल्या वर्षी निवृत्त झाले. गुढियारीत रुळांच्या पलीकडे आमचं लहानसं घर. मागे अंगण, अंगणात कडुनिंब, आणि कडुनिंबाखाली ताडपत्री पांघरून आजोबांची मोटरसायकल. मी पॉलिटेक्निकमध्ये यंत्रशास्त्र शिकवत होते, कंत्राटावर. दर जूनमध्ये नवीन आदेश निघायचा, मग पुढचा जून येईपर्यंत जीव टांगलेला. त्या वर्षी मात्र आम्हा कंत्राटवाल्यांपैकी काही जणांना कायम करणार, यादी निघणार, अशी बातमी होती. घरात दुसरा विषय नव्हता.

मोटरसायकल विलायती होती. दुसरं महायुद्ध संपल्यावर सरकारने विकायला काढलेल्या सामानातून आजोबांनी ती नागपूरला घेतली आणि चालवत इथपर्यंत आणली, असं आई सांगायची. टाकीवरचं नाव केव्हाच उडालं होतं. माझ्या लहानपणी ती एकदा वाटेत बंद पडली ती पडलीच. आजोबा गेले. बाबा तिला भंगार म्हणायचे. मी तिच्यावर बसून तोंडाने आवाज काढत मोठी झाले, आणि पुढे यंत्र शिकायला गेले त्याचं कारणही बहुधा तीच.

होळीच्या सुट्टीत मी ती उघडली. एकच सिलिंडर, बिडाचा, कोहळ्याएवढा. आत पिस्टन गंजून असा बसला होता की जणू ओतूनच काढला आहे. मी वरून डिझेल आणि ऑइल मिसळून ओतत राहिले. सकाळी कॉलेजला जाताना ओतायचं, आल्यावर बघायचं. वर लाकडाचा ठोकळा ठेवून हातोडीने हलके ठोके द्यायचे. कित्येक दिवस काही नाही. आणि एका दुपारी, ठोका देताना, आवाज बदलला. टणक होता तो किंचित पोकळ आला. केसभर, पण हलला होता. मी अंगणातच ओरडले. आई हातातलं पीठ तसंच घेऊन धावत आली. तिला वाटलं, विंचू चावला.

त्या दिवसापासून इंजिन घरात आलं. आईच्या पापड लाटायच्या मोठ्या टेबलावर जुनी सतरंजी टाकून मी ते पूर्ण सोडवलं. क्रँक, कनेक्टिंग रॉड, टायमिंगची चाकं, सगळं रॉकेलमध्ये धुऊन ओळीने मांडलं. आई त्या टेबलाला वळसा घालून देवाकडे जायची. तक्रार करायची, पण तिनेही एकदा व्हॉल्व्ह हातात घेऊन विचारलं, "हे फुलासारखं काय आहे वं?" मी तिला दाखवलं. मसाला लावून व्हॉल्व्ह त्याच्या बैठकीवर फिरवायचा असतो, दोन्ही तळव्यांत दांडी धरून, रवी घुसळतात तसा. तिने दुसऱ्या व्हॉल्व्हला हात लावला आणि माझ्यापेक्षा एकसारखा घुसळला. ती दुपार मला अजून स्पष्ट दिसते. बाहेर उन्हाच्या झळा लागत होत्या, आत कूलर घरघरत होता, आणि आम्ही मायलेकी समोरासमोर बसून इंजिनाचं ताक करत होतो.

आणि हे कमी होतं म्हणून की काय, दुसरीकडे गाडी होती.

टिकेश्वर माझा शाळेपासूनचा मित्र. त्याच्या घरचा तांदळाचा व्यापार, गुढियारीतच त्यांचं गोदाम. व्यापारात त्याचं मन नव्हतं. त्याला रेस हवी होती. एक जुनी छोटी मोटार त्याने पैदा केली होती, आणि गोदामाच्या कोपऱ्यात, पोत्यांच्या थप्प्यांमागे, आम्ही दोघे तिला रेसची गाडी बनवत होतो. मागची सीट काढली, दारांचं अस्तर काढलं, काचा काढल्या, आत पाइप वाकवून पिंजरा वेल्ड केला. सिलतऱ्याच्या बाजूला एका मोकळ्या मैदानावर मे महिन्यात हौशी लोकांची शर्यत होणार होती. मातीचा ट्रॅक, ड्रम ठेवून आखलेली वळणं, एकेका गाडीने घड्याळाविरुद्ध दोन फेऱ्या मारायच्या, दोन्हींची वेळ मिळून निकाल. टिकेश गाडी चांगली बनवायचा पण चालवताना त्याला भान राहायचं नाही. म्हणून चालवणार मी.

सकाळी परीक्षेची ड्यूटी, दुपारी टेबलावरचं इंजिन, संध्याकाळी गोदामातली गाडी. टिकेश वैतागायचा. "उधर आजोबा, इधर मैं. तू पहले तय कर ले, किसकी है." मी म्हणायचे, दोघांची. गाडीचा कार्ब्युरेटर खोलताना मला मोटरसायकलच्या जेटची, पेट्रोल सोडणाऱ्या बारीक भोकाची, गोष्ट सुचायची, आणि मोटरसायकलचा सिलिंडर बोअरिंगला दिला त्याच लेथवर गाडीचे हब घासून घेतले. दिवसभर हाताला यंत्र लागत होतं. थकले तरी झोप चांगली यायची. मी तेव्हा सुखी होते, हे मला आता कळतं. आणि ते सुख कुणी घालवलं ते आठवून कानशिलं परत तापतात.

इंजिन घरात टेबलावर असताना बाकीचा सांगाडा मी मोकळा थोडाच ठेवणार होते? टाकीचा गंज घासला, काळा रंग मारला, चाकांचे आरे एकेक करून चकचकीत केले. हँडल उजळलं. ताडपत्री काढली की कडुनिंबाखालची ती गाडी पाहून रस्त्यावरची माणसं फाटकाशी थांबायला लागली. हेच माझं चुकलं असं कधी कधी वाटतं. ती गंजलेली राहिली असती, तर तिच्याकडे कुणाचं लक्ष गेलं नसतं.

एप्रिलच्या शेवटी एका दुपारी कॉलेजातून आले. सायकल आत घेतली. अंगणात ताडपत्री होती. घडी घातलेली. चार पदरी, नीट, कडा जुळवून, वर वारा उडवू नये म्हणून वीट ठेवलेली. अशी घडी आमच्या घरात फक्त बाबाच घालतात.

खाली, मातीत, चाकांचे दोन खड्डे होते आणि गिअरबॉक्समधून ठिबकलेल्या ऑइलचा डाग.

बाबा ओसरीवर पेपर वाचत होते. आई आतल्या दारात उभी होती आणि माझ्याकडे बघत नव्हती.

"गाडी कुठे आहे?"

"साहेबाकडे दिली," बाबा म्हणाले. पेपर खाली घेतला नाही.

"कोणत्या साहेबाकडे?"

तेव्हा कळलं. ज्या साहेबाच्या हातात आमची यादी होती, त्याच्या शंकर नगरच्या बंगल्यावर बाबा माझा अर्ज घेऊन गेले होते. मला न सांगता. दिवाणखान्यात पितळी समया होत्या, जुना ग्रामोफोन होता, भिंतीवर बैलांच्या गळ्यातल्या घंटा होत्या. साहेब म्हणाला, मुझे पुरानी चीजों का शौक है. आणि माझे बाबा, ज्यांनी उभ्या नोकरीत कुणाला दिवाळीची मिठाई दिली नाही, ते म्हणाले, हमारे घर एक मोटरसायकल है.

"ती माझी होती," मी म्हटलं.

"तुझी कशी? माझ्या बापाची व्हती. आन् मी कुणासाठी दिली? माझ्यासाठी? मले आता कोणती नोकरी पाह्यजे?"

"मला विचारलं काहून नाही?"

"तू हव म्हटलं असतं का?"

"नाही म्हटलं असतं!"

"मंग?" त्यांनी पेपर बाजूला ठेवला. "विचारून काय करू?"

मी काय काय बोलले ते सगळं मला आठवत नाही. आवाज चढला होता एवढं खरं, कारण शेजारच्या पारावर बसलेली माणसं आमच्या घराकडे बघायला लागली. मी म्हटलं, मी वर्गात पहिली आले होते, माझं काम सगळ्यांना माहीत आहे, माझं नाव आपोआप आलं असतं. तुम्हाला माझ्यावर भरोसा नव्हता.

"भरोसा तुझ्यावर व्हता," बाबा म्हणाले. "त्यांच्यावर नव्हता. पोट्टे, मी जिंदगीभर लायनीत उभा राह्यलो. माझ्या मागचे माझ्या पुढं गेले, मी पाहत राह्यलो. चांगल्यांची लाइन लई मोठी असते. तुले त्या लायनीत म्हातारी होऊ द्यायचं नव्हतं मले."

मला रडू येत होतं आणि रडायचं नव्हतं. मी म्हटलं, "आणि इंजिन? इंजिन तर आत टेबलावर आहे."

बाबांनी चष्मा पुसला. "साहेबाले सांगतलं मी. ते म्हणाले, इंजिन नसलं तरी चालते. उभीच ठेवायची आहे."

उभीच ठेवायची आहे. त्या वाक्याने मला जे झालं ते मी आजही नीट सांगू शकत नाही. मी आत गेले, टेबलाशी बसले, आणि पिस्टनवर रिंगा चढवायला लागले. एक रिंग जास्त ताणली आणि ती तुटली. बिडाची रिंग, काचेसारखी तुटते. मी तुकडे फेकले नाहीत. सतरंजीवर ठेवले आणि दुसरी रिंग उचलली.

त्यानंतरचे आठवडे मी बिनगाडीचं इंजिन बांधत होते. आई विचारायची, "आता कशासाठी करून राह्यली?" अर्धवट टाकणं मला जमत नव्हतं एवढंच. बाबांशी मी जेवणापुरतंही बोलत नव्हते. साहेबावरचा राग सरळ होता. नटावर पाना बसावा तसा बसत होता. बाबांवरच्या रागाच्या कडा झिजलेल्या होत्या. पाना लावावा आणि तो गरगर फिरत राहावा, पकडच येऊ नये. कारण मध्येच मला दिसायचं, हा माणूस त्या दिवाणखान्यात खुर्चीच्या अगदी टोकावर बसला असेल. चप्पल बाहेर काढून. आणि मग मला आणखी राग यायचा, की बाबा मला त्यांची दयाही धड येऊ देत नाहीत आणि रागही धड येऊ देत नाहीत.

सगळ्यात जास्त जळत होतं ते वेगळंच. यादीत नाव आलं तर ते माझं की मोटरसायकलचं, हे मला जन्मभर कळणार नव्हतं. ते माझ्याकडून काढून घेतलं होतं, आणि माझ्या भल्यासाठी काढून घेतलं होतं.

शर्यतीचा दिवस मेमधला. उन्हाच्या आत आटपावं म्हणून सकाळी लवकर सुरू करायचं ठरलं होतं, पण नव्या राजधानीत कोणतीही गोष्ट प्रमुख पाहुणा आल्याशिवाय सुरू होत नसे. ऊन चढलं, गाड्या तापल्या, पोरं ड्रमांच्या सावलीत बसली. मग लाल दिवा आला. शामियान्यातल्या सोफ्यावर जो येऊन बसला तो तोच साहेब.

मी त्याला पहिल्यांदाच पाहत होते. गोरा, हसतमुख, कपाळावरचा घाम सारखा रुमालाने टिपणारा माणूस. वाईट दिसत असता तर बरं झालं असतं.

माझी पहिली फेरी इतकी चांगली झाली की आजही तळव्यांना आठवते. काळी माती, प्रत्येक वळणाला मागची चाकं सुटायची आणि मी त्यांना परत ओढून आणायचे. टिकेशने वेल्ड केलेला पिंजरा कडकड वाजत होता. शेवटच्या ड्रमाला दाराचा पत्रा घासला न घासला आणि मी बाहेर पडले. आमच्या गटात सगळ्यात कमी वेळ माझी. टिकेश नाचत होता. "दूसरा भी ऐसा ही मार दे बस! ट्रॉफी अपनी है!"

दुसऱ्या फेरीला अवकाश होता. घशाला कोरड पडली होती. हेल्मेट हातात घेऊन मी शामियान्याकडे पाण्याला गेले. साहेब शेजारच्या माणसाला सांगत होता, "गाडियों का शौक तो हमारे खून में है. अंग्रेजों के जमाने की मोटरसायकल रखी है पोर्च में. दादाजी की निशानी."

माझा पेला भरून पाणी हातावर सांडायला लागलं.

त्याची नजर माझ्याकडे गेली. हसला. "अरे वा, बिटिया भी चलाती है? व्हेरी गुड, व्हेरी गुड."

दादाजी की निशानी. ज्या माणसाने ती नागपूरहून चालवत आणली तो माझा आजोबा. गाडी गेली होती, ती मी गेली असं धरूनही चालले असते कदाचित. पण त्याने आजोबाच घेतले.

मी पेला ठेवला आणि टिकेशकडे गेले. गाडी ओढून आणायला त्याने गोदामाची पिकअप आणली होती. "पिकअपची चाबी दे."

"का होगे? क्या हुआ?"

"दे."

त्याने माझं तोंड पाहिलं आणि चावी दिली. त्याला वाटलं, मी काहीतरी सामान आणायला जाते आहे. पिकअपमध्ये टायर चढवायची फळी तशीच होती. सिलतऱ्याहून शंकर नगरपर्यंत मी ती कशी चालवली ते विचारू नका. शर्यतीतल्या फेरीत मी शुद्धीवर होते.

बंगल्याचा शिपाई म्हातारा होता. मी म्हटलं, "मोटरसायकल लेने आई हूं. इंजन लगाना है उसमें." यात एक अक्षर खोटं नव्हतं. त्याने आत जाऊन सांगितलं. मेमसाहेब बाहेर आल्या. पोर्चमध्ये गुळगुळीत दगडाच्या फरशीवर माझी गाडी उभी होती, हँडलला झेंडूची सुकलेली माळ, आणि इंजिनाच्या जागी कुणीतरी कुंडी ठेवली होती. मनी प्लांट वर चढवला होता.

"ले जाओ, ले जाओ," मेमसाहेब म्हणाल्या. "तेल टपकता है इसका. पूरा पत्थर खराब कर दिया."

मी कुंडी उचलून बाजूला ठेवली. शिपाई आणि माळी, दोघांनी मागून धक्का दिला. फळीवरून ती चढताना गिअरबॉक्समधून आणखी चार थेंब त्या दगडावर पडले. मी पुसले नाहीत.

मैदानावर माझं नाव पुकारत राहिले आणि रेसची गाडी चालकाविना उभी राहिली. टिकेश संध्याकाळी गाडी कशीबशी दोरीने ओढून घरी आला तो आग ओकतच. महिन्यांची मेहनत, त्याची आणि माझी, मी एका मिनिटात फेकून दिली होती, आणि त्याला सांगितलंही नव्हतं. तो बोलला ते सगळं खरं होतं. मी ऐकून घेतलं. मग त्याची नजर कडुनिंबाखाली गेली. तो मोटरसायकलभोवती एकदा फिरला. शेवटी अस्तन्या वर करत म्हणाला, "इंजन भारी होगा. एक तरफ से मैं पकडता हूं."

बाबा ओसरीवरून हे बघत होते. ते खाली आले नाहीत. एवढंच म्हणाले, "तुझा राग तुझी नोकरी खाईल." आणि आत गेले.

ती खाल्ली की नाही, मला माहीत नाही. यादी जुलैत आली. माझं नाव नव्हतं. माझ्याहून कच्च्या दोघांचं होतं, आणि माझ्याहून पक्का एक होता त्याचंही नव्हतं. आता यातून काय समजायचं? मोटरसायकलमुळे गेलं म्हणावं, तर त्या पक्क्या माणसाने कुणाची काय गाडी परत आणली होती? मला कळणार नाही ही भीती होती, ती तशीच खरी ठरली, फक्त उलट्या बाजूने. पुढच्या जूनमध्ये माझा कंत्राटाचा आदेशही निघाला नाही. मग टिकेशच्या गोदामाचा अर्धा भाग घेऊन मी जुन्या इंजिनांचं काम सुरू केलं, आणि अजून तेच करते. लोक म्हणतात, झालं ते चांगलंच झालं. मला हे वाक्य ऐकवत नाही. चांगलं झालं असेल तर ते मी केलं म्हणून. जे झालं ते वाईटच होतं.

पण उन्हाळा म्हटलं की मला यादी आठवत नाही. यादीच्या आधीची, जूनमधली एक सकाळ आठवते. अजून काहीच ठरलं नव्हतं. नोकरी मिळू शकत होती, जाऊ शकत होती, आणि आमच्या घरात तिघं जण तीन कोपऱ्यांत जेवत होतो.

इंजिन गाडीत बसलं होतं. मॅग्नेटोची ठिणगी मी आदल्या दिवशी पाहिली होती, निळी, जाड. टाकीत पेट्रोल घातलं, स्टँडवर लावली, किक मारली. काही नाही. टायमिंग थोडं मागे घेतलं, परत किक. एकदा किकच उलटी आली आणि माझ्या पोटरीवर असा फटका बसला की डोळ्यांसमोर काजवे चमकले. मी तिला शिवी दिली. आई आतून म्हणाली, "वैशू, सकाळी सकाळी!"

तेवढ्यात पुढच्या फाटकाची कडी वाजली. मागच्या अंगणातून, घराच्या बाजूच्या बोळातून, फाटक दिसतं. साहेबाचा माणूस होता, पांढऱ्या कपड्यांतला, गाडीतून उतरलेला. बाबा ओसरीवरून उठले. ते उठले तसेच, जसे ते जन्मभर साहेबाच्या माणसासाठी उठत आले होते, दोन्ही हात आपोआप एकमेकांत गुंतवत.

"साहब ने पुछवाया है," तो माणूस म्हणाला, "मोटरसायकल का काम हो गया क्या? संडे को मेहमान आ रहे हैं."

मला सगळं ऐकू येत होतं. मी किकवर पाय ठेवून उभी होते. आता बाबा आत येतील, मला समजावतील, हात जोडतील, आणि मी काय बोलेन ते मला पाठ होतं. इतक्या दिवसांचं सगळं मी तोंडाशी आणून ठेवलं होतं. आणि त्या रागात, त्याच पायाने, मी किक मारली.

ती सुरू झाली.

सायलेन्सर अजून लावला नव्हता. जो आवाज आला त्याने कडुनिंबावरचे सगळे कावळे उठले. आईने स्वयंपाकघरात काहीतरी पाडलं. निळा धूर बोळातून सरळ फाटकापर्यंत गेला. शेजारच्यांची पत्र्याची शेड थरथरायला लागली, माझे दात थरथरायला लागले, आणि मी तोंड उघडं टाकून त्या इंजिनाकडे बघत उभी राहिले.

साहेबाच्या माणसाने बोळाकडे बोट दाखवलं. बाबांनी मान वळवली नाही. हात मात्र सुटले होते. दोन्ही हात त्यांनी फाटकाच्या गजांवर ठेवले आणि त्या आवाजाच्या वर आवाज काढून, सगळ्या मोहल्ल्याला ऐकू जाईल असे ओरडले,

"कौनसी मोटरसायकल?"

तो माणूस काहीतरी बोलला.

"हमारे यहां कोई मोटरसायकल नहीं है!" बाबा ओरडले. "कभी थी ही नहीं! साहब को बोल देना!"

तो गेला. गाडी वळून गेलेली मला दिसली. मग बाबा बोळातून मागे आले. धुरात खोकत, चष्मा नाकावर घसरलेला, चेहरा लाल. आम्ही दोघे समोरासमोर उभे राहिलो आणि आमच्यामध्ये ती धडधडत होती. मला वाटलं होतं की त्या क्षणी माझा राग जाईल. गेला नाही. त्यांचाही गेलेला दिसत नव्हता.

"एवढा आवाज काहून करून राह्यली?" ते माझ्यावर ओरडले.

मी अ‍ॅक्सिलरेटरची मूठ आणखी पिळली.